एकमेकांवाचून अडलं पाहिजे

"तो चांगला आहे हो, पण ते लोक..." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचं काय येणार ते आता आधीच कळतं. ह्यातला "तो" कोणीही असतो, ऑफिसात शेजारी बसणारा, मुलीच्या वर्गमैत्रिणीचा बाबा, वरच्या मजल्यावरचा डॉक्टर. आणि बोलणारा खोटं बोलत नसतो हो, त्याला तो माणूस खरंच आवडत असतो, अडीनडीला तो त्याच्याचकडे जातो, त्याच्या घरच्या दुःखात रडतोसुद्धा. आणि तरी "ते लोक" जिथल्या तिथेच. वीस वर्षांची ओळख असली तरी त्या एका माणसाच्या चांगुलपणातला कणभरसुद्धा अंश त्याच्या समाजाच्या वाट्याला येत नाही.

हे होतं कसं, ह्याचा मला खूप दिवस छळ होत होता. कारण आपल्याला सगळीकडे सांगितलं जातं ते नेमकं उलटं, की लोकांना एकत्र राहू द्या, भेटू द्या, गप्पा मारू द्या, म्हणजे गैरसमज आपोआप गळून पडतील. वेगवेगळ्या वंशाचे, धर्माचे, भाषेचे लोक एका गावात राहिले की हळूहळू एकजीव होतात असा एक गोड समज आहे. तो पूर्ण खोटा नाही, पण अर्धा आहे, आणि अर्ध्या समजावर धोरणं आखली की माणसं होरपळतात, म्हणून मला ह्यावर जरा सविस्तर लिहायचंय.

हा विचार नीट मांडला तो हार्वर्डच्या गॉर्डन ऑलपोर्ट ह्या मानसशास्त्रज्ञानं, १९५४ मधे. त्याचं नाव घेऊन पुष्कळ जण सांगतात की संपर्क आला की पूर्वग्रह जातो. त्यानं इतकं सोपं काही म्हटलेलं नाही. त्याचं म्हणणं असं की संपर्काचा उपयोग होतो, पण कधी, तर दोन्ही गटांचा त्या ठिकाणी दर्जा सारखा असेल, दोघांना गाठायचंय ते एकच असेल, ते गाठायला एकमेकांची मदत लागत असेल, आणि कायदा, संस्था, साहेब, हेडमास्तर असे वरचे लोक त्या मिसळण्याच्या पाठीशी उभे असतील. घरात काम करणारी बाई आणि त्या घरची मालकीण ह्यांचा रोजचा संपर्क असतो, वर्षानुवर्षं असतो, एकमेकींच्या पोराबाळांची नावंसुद्धा पाठ असतात. त्यातून समाज एक होत असता तर जगात कुठलीच भिंत उरली नसती.

पुढे थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप ह्या दोघांनी ५१५ अभ्यास एकत्र करून पाहिले, ३८ देशांतले, अडीच लाख माणसांवरचे, आणि २००६ मधे निष्कर्ष मांडला. संपर्क जास्त तिथे पूर्वग्रह कमी, असंच बहुतेक ठिकाणी दिसलं. ऑलपोर्टच्या सगळ्या अटी नसल्या तरी थोडा फरक पडतो, असल्या की जास्त पडतो. मला त्यांच्या कामातला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दोन वर्षांनी आलेला भाग. संपर्कानं मन बदलतं तर ते नेमकं कशामुळे, हे त्यांनी शोधलं. समोरच्या गटाबद्दलची माहिती वाढल्यामुळे बदल होतो, पण अगदी थोडा. खरा बदल होतो तो मनातली धास्ती कमी झाल्यामुळे आणि समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवून बघता आल्यामुळे.

हे वाचलं तेव्हा मला माझी हॉस्टेलची रूममेट आठवली. ती माझ्या समाजातली नव्हती, धर्म वेगळा, भाषा वेगळी, दिसायलाही आम्ही वेगळ्या. सुरुवातीला आम्ही दोघी भयंकर जपून बोलायचो, प्रत्येक वाक्य तोंडातून बाहेर काढायच्या आधी तपासून बघायचं, हिला ह्याचं वाईट वाटेल का, ती काही वेडंवाकडं तर समजणार नाही ना, आणि ह्या जपण्यानंच इतका थकवा यायचा की खोलीत न बोललेलंच बरं वाटायचं. मग परीक्षा आल्या. तिचं गणित कच्चं होतं आणि मी वर्गात नोट्स काढायचेच नाही, त्यामुळे आम्हाला एकमेकींशिवाय इलाजच नव्हता. रात्र रात्र जागलो, भांडलो, एकमेकींवर ओरडलो. ते वर्ष संपेपर्यंत तिच्या समाजाच्या इतिहासाबद्दल किंवा धर्माबद्दल मला काही विशेष कळलं होतं असं नाही. धास्ती गेली होती, एवढंच. पण ती गेल्यावर विचारायला तोंड उघडलं, आणि माहिती त्याच्या मागून आली. आपण बहुतेक वेळा क्रम उलटा लावतो, आधी व्याख्यानं, प्रदर्शनं, एकमेकांच्या संस्कृतीची ओळख करून देणारे कार्यक्रम, आणि मग वाटतं की धास्ती जाईल. कार्यक्रमाला टाळ्या पडतात आणि घरी जाताना दोन्ही घोळके दोन दिशांना जातात.

मुझफ्फर शेरीफ नावाचा तुर्कस्तानात जन्मलेला एक समाजमानसशास्त्रज्ञ होता, अमेरिकेत स्थायिक झालेला. त्यानं १९५४ च्या उन्हाळ्यात ओक्लाहोमा राज्यातल्या रॉबर्स केव्ह इथे मुलांचं शिबिर भरवलं. साधारण ११ वर्षांची २२ मुलं, सगळी एकाच वर्णाची, एकाच पंथाची, सारख्याच मध्यमवर्गीय घरांतली. त्यांचे दोन गट केले, गटांना नावं मिळाली, स्पर्धा लावल्या, बक्षिसं ठेवली. थोड्याच दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळणं, खोल्यांवर धाडी घालणं, शिव्या, सगळं सुरू झालं. वंश नाही, धर्म नाही, जुनं वैर नाही, नुसती दोन नावं आणि एक ट्रॉफी एवढ्यावर हे. आता पुढचा भाग बघा. भांडण मिटवायला आधी दोन्ही गटांना नुसतं एकत्र आणलं, एकत्र जेवण, एकत्र सिनेमा. जेवणाच्या टेबलावर एकमेकांवर अन्न फेकून मारायला अजून एक जागा मिळाली, बाकी काही नाही. मग शिबिराचं पाणी बंद पडलं (पाडलं होतं, अर्थात), तेव्हा दोन्ही गटांना मिळून टाकीपर्यंतची लाइन तपासावी लागली. ट्रक बंद पडला तो सगळ्यांनी मिळून दोरानं ओढला. एक सिनेमा आणायला एका गटाचे पैसे पुरेनात, मग दोघांनी वर्गणी काढली. एकाच प्रसंगानं काही झालं नाही, पण असे प्रसंग एकामागून एक येत गेले तसा सूर बदलला, आणि जाताना बहुतेक मुलांनी एकाच बसमधून जाऊया म्हणून हट्ट धरला.

ह्या प्रयोगावर नंतर बरीच टीका झाली आणि ती रास्त आहे. मुलांना भांडायला मोठ्यांनी उचकवलं होतं, आणि त्याआधी १९५३ मधे केलेला असाच एक प्रयोग फसला होता कारण तिथली मुलं हवी तशी भांडेचनात. (मला तर ही फसलेली गोष्ट जास्त आवडते. भांडण लावायला मोठी माणसं लागतात हे त्यातून किती स्पष्ट दिसतं.) पण जेवणाचं टेबल आणि पाण्याची टाकी ह्या दोहोंतला फरक माझ्या डोक्यातून जात नाही. टेबलावर एकमेकांची गरज नव्हती. टाकीपाशी होती.

गरज आणि स्पर्धा ह्यातला हाच फरक मॅट लो ह्या अर्थशास्त्रज्ञानं उत्तर प्रदेशात क्रिकेटच्या मैदानावर तपासला. तिथे प्रश्न जातीचा होता, वंशाचा नाही, पण माणसांना जन्मावरून वेगळं पाडणारी रेघ म्हणून दोन्हीकडे सारखंच घडतं. १,२६१ तरुण, काहींना रँडम पद्धतीनं वेगवेगळ्या जातींच्या मिश्र टीममधे घातलं, काहींना एकाच जातीच्या टीममधे, आणि मॅचेस लावल्या. जे एका टीममधे खेळले त्यांच्यात जातीपलीकडच्या मैत्र्या वाढल्या. जे दुसऱ्या जातीच्या पोरांविरुद्ध खेळले त्यांच्यात उलट दुरावा दिसला. मैदान तेच, खेळ तोच, भेटी तेवढ्याच. एकाला आउट करायला दुसरा धावतोय का एकाला रन काढून द्यायला दुसरा धावतोय, एवढ्यावर सगळं फिरलं.

म्हणजे नुसतं मिसळणं नाही, कोणत्या कामासाठी मिसळताय ते महत्त्वाचं. इथपर्यंत सगळं छान वाटतं, आणि इथेच माझं सुरुवातीचं वाक्य आडवं येतं. कारण ज्याच्याबरोबर टीममधे खेळलो तो आवडायला लागला, ठीक, पण त्याच्या समाजाचं काय?

इराकमधे इस्लामिक स्टेटनं ख्रिश्चन गावं उद्ध्वस्त केल्यावर सलमा मूसा ह्या संशोधिकेनं विस्थापित ख्रिश्चन खेळाडूंच्या फुटबॉल लीग भरवल्या. काही टीम पूर्ण ख्रिश्चन ठेवल्या, काहींमधे तीन-तीन मुस्लिम खेळाडू घातले. २०२० मधे त्याचे निष्कर्ष छापून आले आणि ते वाचताना मला एकाच वेळी आनंद आणि उदास असं दोन्ही वाटलं. मिश्र टीममधून खेळलेले ख्रिश्चन खेळाडू पुढच्या सीझनलाही मिश्र टीमसाठी नाव द्यायला तयार झाले, खिलाडूवृत्तीच्या बक्षिसासाठी दुसऱ्या टीममधल्या मुस्लिम खेळाडूला मत द्यायला लागले, सहा महिन्यांनीसुद्धा मुस्लिम खेळाडूंबरोबर सराव करत होते. पण मैदानाबाहेर, अनोळखी मुस्लिमांमधे जायची वेळ आली, म्हणजे मोसुलमधल्या हॉटेलात जाणं किंवा दोन्ही समाजांच्या कार्यक्रमाला हजर राहणं, तिथे काही फरक दिसला नाही. ज्या लोकांवर इतका भयंकर प्रसंग गुजरला त्यांनी ओळखीच्या माणसावर भरवसा टाकला हीच केवढी मोठी गोष्ट आहे, त्यांना ह्याहून जास्त मागायचा मला काहीच हक्क नाही. पण जे शास्त्राला दिसलं ते हेच, की माया मैदानाच्या कुंपणापाशी थांबली.

आणि वाईट अनुभव मात्र थांबत नाही. फिओना बार्लो, स्टेफानिया पाओलिनी वगैरे संशोधकांनी हे दाखवलंय की समोरच्या गटातल्या माणसाकडून वाईट वागणूक मिळाली की आपल्याला त्याचा गट ठळकपणे दिसायला लागतो. चांगलं वागला तर तो माणूस दिसतो. म्हणजे हिशेबाची वही अशी लिहिली जाते की चांगलं ते त्या एकट्याच्या खात्यावर जमा आणि वाईट ते सगळ्या समाजाच्या नावे. अशा वहीत समाजाची बाकी कधीतरी शून्यावर येईल का? दहा माणसं नीट वागली तरी ती दहा "अपवाद" होतात, अकरावा फसवून गेला की तो "नमुना" होतो. माझ्या रूममेटला लोक कौतुकानं म्हणायचे, "अगं तू त्यांच्यातली वाटतच नाहीस." ती हसून सोडून द्यायची. एकदा रात्री ती मला म्हणाली, ह्यांना मी आवडावी म्हणून मला माझ्या आईबापांना गटाबाहेर ठेवावं लागतंय. मला उत्तर सुचलं नाही, आजही सुचत नाही.

त्यामुळे माझ्या दृष्टीनं खरा प्रश्न "लोक एकमेकांना भेटतात का" हा नाहीच. एका माणसावरचा विश्वास त्याच्या समाजापर्यंत पोचवणारा रस्ता त्या शहरात आहे का, हा आहे.

नुसतं नजरेला पडणं तर उलटंसुद्धा फिरू शकतं. रायन एनॉस ह्या संशोधकानं अमेरिकेतल्या बोस्टनच्या उपनगरांतल्या रेल्वे स्टेशनांवर रोज ठरलेल्या गाडीच्या वेळी स्पॅनिश बोलणारी दोन माणसं उभी केली. ती कोणाला त्रास देत नव्हती, फक्त आपापसात बोलत उभी राहायची. तिथले गोरे प्रवासी तीनच दिवसांत स्थलांतरितांबद्दल जास्त कडक बोलायला लागले. दहा दिवसांनी ती धार थोडी बोथट झाली, काही जण त्या दोघांकडे बघून मानसुद्धा हलवायला लागले म्हणे. आपल्या गल्लीत, आपल्या शाळेत नवीन चेहरे दिसायला लागल्यावर पहिल्या काही दिवसांत जी चिडचिड उठते ती बघूनच राजकारणी लोक घोषणा लिहितात, दहाव्या दिवसापर्यंत कोणी वाट बघत नाही. हे फार वाईट आहे.

दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचे कायदे गेले, समुद्रकिनारे सगळ्यांना खुले झाले, आणि जॉन डिक्सन, केव्हिन डुरहाइम ह्या संशोधकांनी तिथे जाऊन माणसं कुठे बसतात त्याचे नकाशे काढले. एकाच वाळूवर गोरे इकडे, काळे तिकडे, छत्र्याछत्र्यांची वेगळी बेटं, आणि सुट्टीच्या दिवशी काळी कुटुंबं यायला लागली की गोरी मंडळी आवरतं घेऊन निघायची. पाटी काढली, रेघ तशीच. त्याच देशात केप टाउनच्या विद्यापीठात हॉस्टेलच्या खोल्या रँडम वाटल्या गेल्या, त्याचा अभ्यास २०२२ मधे आला, आणि तिथे वेगळ्या वर्णाच्या रूममेटबरोबर राहिलेल्या गोऱ्या मुलांच्या मनातल्या काळ्यांबद्दलच्या वाईट प्रतिमा कमी झाल्या, काळ्या मुलांचे मार्क सुधारले. वाळूवरून उठून जाता येतं. खोलीतून येत नाही, किल्ली कोणाकडे, दिवा किती वाजता बंद, ह्यावर रोज काहीतरी ठरवावंच लागतं.

पण शेजार आणि सहवास एवढ्यावर विश्वास ठेवायला गेलं की रवांडा समोर उभा राहतो. हुतू आणि तुत्सी हे तिथले दोन गट, एकच भाषा बोलत, त्याच टेकड्यांवर शेजारी शेजारी राहत, एकमेकांत लग्नं होत. १९९४ मधे साधारण १०० दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं, बहुतांश तुत्सी, मारली गेली, कित्येकांना ओळखीच्या शेजाऱ्यांनीच मारलं. तिथे संपर्काची काय कमी होती? पण बेल्जियमच्या राजवटीनं १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर वंश लिहून ठेवला होता, तो स्वातंत्र्यानंतरही तसाच राहिला, आणि १९९४ मधे रस्त्यारस्त्यावरच्या नाक्यांवर तीच ओळ वाचून माणसं बाजूला काढली गेली. सत्ता, रेडिओ, हत्यारं सगळं एका बाजूला. ऑलपोर्टची चौथी अट लोक घाईत वाचून सोडून देतात, वरच्यांचा पाठिंबा ही. मला ती पहिली वाटते. वरचे पाठीशी असून उपयोग होईलच असं नाही, पण वरचे उलटले तर शेजाऱ्याची ओळख त्याच्या दाराचा पत्ता सांगायच्या कामी येते, हे लिहितानासुद्धा अंगावर काटा येतो.

आशुतोष वार्ष्णेय ह्या राज्यशास्त्रज्ञाचं काम मला ह्याच ठिकाणी फार मोलाचं वाटतं. १९५० ते १९९५ ह्या काळात भारतातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची नोंद त्यांनी काढली, तर दंगलींतले जवळपास निम्मे मृत्यू फक्त आठ शहरांतले निघाले, आणि खेड्यांमधले फारच थोडे. मग त्यांनी सारखी दिसणारी शहरं जोडीनं घेतली, एक दंगलीचं, एक शांत. अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. शेजारपाजाऱ्यांचं येणंजाणं खेड्यात शांतता राखायला पुरतं, शहरात पुरत नाही, असं त्यांना दिसलं. शहरात लागतात त्या दोन्ही समाजांच्या लोकांनी मिळून चालवलेल्या संस्था, व्यापारी संघटना, कामगार युनियन, वाचनालयं, क्लब, पक्षाच्या शाखा. लखनौमधे चिकनकारीच्या, म्हणजे कापडावरच्या भरतकामाच्या धंद्यात कारागीर बहुतांश मुस्लिम आणि व्यापारी बहुतांश हिंदू, दंगल झाली तर दोघांचीही चूल बंद. सुरतेत १९९२ च्या डिसेंबरमधे हिंसा झाली ती नव्या झोपडपट्ट्यांमधे, जिथे नव्यानं आलेल्या माणसांना जोडणारी कुठलीच संघटना नव्हती. जुनं शहर, जिथे दोन्हीकडचे व्यापारी पिढ्यानपिढ्या एकमेकांत गुंतलेले, ते शांत राहिलं.

अफवा उठते तेव्हा हा फरक कळतो. शेजारी घरात घाबरून बसतो, तो चांगला असला तरी एकटा असतो. पण युनियनच्या सेक्रेटरीला रात्री दोन वाजता पलीकडच्या गल्लीतल्या माणसाला फोन करून "काय झालंय खरं सांग" असं विचारता येतं, कारण काल संध्याकाळी ते दोघं हिशेबावरून भांडत होते आणि उद्या परत भांडायचंय. भिवंडीत १९७० आणि १९८४ ला भयानक दंगली झाल्या होत्या. १९८८ मधे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे ह्यांनी तिथे मोहल्ला कमिट्या बांधल्या, दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि पोलीस एकत्र बसायचे, पाणी, गटार, नळ, भाडेकरू, असल्या कंटाळवाण्या विषयांवर बोलायचे. १९९२-९३ ला जवळची मुंबई जळत होती आणि भिवंडी शांत राहिली. बंधुभावावर भाषणं झाली असतील नसतील, मला माहिती नाही, पण नळाच्या भांडणांवर जमायची सवय लागलेली होती हे नक्की. एका माणसावरचा विश्वास समाजापर्यंत पोचवणारा रस्ता मी म्हणाले ना, तो असा दिसतो. कमिटीत समोर बसलेला माणूस नुसता "तो" नसतो, तो त्याच्या मोहल्ल्याच्या वतीनं बसलेला असतो, त्यानं शब्द पाळला की मोहल्ल्यानं पाळला असं होतं.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात जास्त टोचते. हे सगळे अभ्यास बहुतेक वेळा बलवान गटाचं मन मोजतात, गोऱ्यांचा पूर्वग्रह किती कमी झाला, बहुसंख्याकांना आता कसं वाटतं. दुर्बळ गटाचं काय होतं? तामार सागुय ही संशोधिका आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००९ मधे दाखवलं की दोन गटांना एकत्र आणून फक्त सारखेपणावर, गोडगोड बोलायला लावलं, तर दुर्बळ गटाला वाटायला लागतं की आता हे आपल्याशी न्यायानं वागतील. वाटपाची वेळ आली तेव्हा बलवान गट काही न्यायानं वागला नाही. इस्राएलमधल्या अरबांमधेही त्यांना दिसलं की ज्यांची ज्यूंशी मैत्री जास्त त्यांना ज्यू न्यायी वाटतात आणि बदलाची मागणी कमी होते. पुढे ६९ देशांतल्या माहितीवरूनही असंच चित्र निघालं, चांगल्या संपर्कानं वरच्या गटातली माणसं बदलाच्या बाजूनं झुकतात आणि खालच्या गटातल्यांचा आवाज मऊ होतो. म्हणून कोणी मला सांगितलं की आमच्याकडे सगळे गुण्यागोविंदानं राहतात, कधी तक्रार नाही, की मला विचारावंसं वाटतं की तक्रार करायची सोय आहे का? ज्या घरात धाकट्यानं कधी तोंडच उघडलेलं नाही त्या घराला सुखी म्हणायला मी तयार नाही. माझी रूममेट जेव्हा पहिल्यांदा माझ्यावर ओरडली, तू माझ्याशी बोलतेस ते उपकार केल्यासारखं बोलतेस म्हणून, तेव्हा आमची मैत्री सुरू झाली असं मी धरते.

सरकारनं लोकांना जबरदस्तीनं मिसळवावं का, ह्याचं सिंगापूर हे ठळक उदाहरण. १९६४ मधे तिथे वांशिक दंगली झाल्या होत्या. १९८९ पासून सरकारी घरांच्या प्रत्येक इमारतीत आणि वस्तीत चिनी, मलय, भारतीय ह्यांचं प्रमाण ठरवून दिलेलं आहे, आणि देशातली बहुसंख्य माणसं ह्याच घरांत राहतात म्हणजे हा नियम जवळजवळ सगळ्यांना लागू. एकाच रंगाच्या वस्त्या तयार झाल्या नाहीत, ही मोठी कमाई. पण कोटा भरला की अल्पसंख्याक माणसाला घर विकायला गिऱ्हाईक कमी मिळतं, किंमत उतरते, म्हणजे एकोप्याचा खर्च ज्यांची संख्या कमी त्यांच्याच खिशातून जास्त जातो. मी अशा नियमाच्या बाजूनं आहे, पण हा खर्च सगळ्यांनी वाटून घ्यावा ह्याही बाजूनं आहे.

आणि संपर्काचे गोडवे गाताना एक बजावून सांगायला हवं. एलिझाबेथ पालक ही संशोधिका आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१९ मधे फक्त काटेकोर प्रयोग निवडले, जिथे माणसं रँडम वाटलेली आणि परिणाम काही काळानंतर मोजलेला, तर असे जेमतेम २७ सापडले. परिणाम चांगलाच दिसला पण वंशाच्या बाबतीत तो इतरांपेक्षा दुबळा, आणि २५ वर्षांवरच्या मोठ्या माणसांच्या वांशिक पूर्वग्रहावर त्यात एकही प्रयोग नव्हता. घर भाड्यानं द्यायचं का नाही, नोकरीवर कोणाला घ्यायचं, पोरांची लग्नं कुठे, हे सगळं ठरवणारी माणसं तर ह्याच वयातली असतात.

मोठ्या माणसांची जी एक पाहणी मला पक्की आठवते ती युद्धातली आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात काळे आणि गोरे वेगळे ठेवलेले. १९४५ च्या सुरुवातीला युरोपात माणसं कमी पडली तेव्हा काळ्या स्वयंसेवकांच्या प्लाटून, म्हणजे लहान तुकड्या, गोऱ्या सैनिकांच्या कंपन्यांना, म्हणजे त्याहून मोठ्या तुकड्यांना जोडल्या. सैन्याच्या संशोधन विभागानं गोऱ्या सैनिकांना विचारलं, अशी मिश्र कंपनी तुम्हाला कितपत नावडेल. ज्यांच्या डिव्हिजनमधे काळे सैनिक नव्हतेच त्यांच्यातले ६२ टक्के म्हणाले की अगदीच नावडेल. ज्यांच्या स्वतःच्या कंपनीत काळी प्लाटून लढली होती त्यांच्यातले तसं म्हणणारे फक्त ७ टक्के. मग युद्ध संपलं, गरज संपली, आणि त्या प्लाटून मोडून टाकल्या. राष्ट्राध्यक्ष ट्रूमननं सैन्यातला भेदभाव बंद करायचा आदेश काढला तो १९४८ मधे, आणि शेवटचं फक्त काळ्यांचं युनिट बंद व्हायला १९५४ उजाडलं. म्हणजे उपाय लागू पडतोय हे कागदावर होतं आणि तरी इतकी वर्षं गेली. ह्याचा मला राग येतो.

मुलांच्या बाबतीतही तेच. बोस्नियातल्या युद्धानंतर काही ठिकाणी एकाच इमारतीत दोन शाळा भरायला लागल्या, बोस्नियाक, म्हणजे मुस्लिम मुलांची वेगळी, क्रोएट मुलांची वेगळी, कुठे दारं वेगळी तर कुठे वेळा वेगळ्या, आणि हे तात्पुरतं म्हणून सुरू झालेलं अजून पूर्ण बंद झालेलं नाही. एकाच छपराखाली वाढलेली मुलं, आणि त्यांना एकमेकांची काडीची गरज पडू नये अशी सगळी व्यवस्था मोठ्यांनी चोख केलेली.

उत्तर आयर्लंडमधे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुलांच्या शाळा वेगळ्या, तिथे मात्र १९८१ मधे बेलफास्टमधल्या काही आईबापांनी सरकारची वाट न बघता दोन्हीकडच्या मुलांसाठी लॅगन कॉलेज नावाची शाळा काढली. तेव्हा तिथे रोज बॉम्ब आणि गोळीबाराच्या बातम्या होत्या, आणि ह्यांनी २८ मुलं घेऊन सुरुवात केली. मला त्या २८ मुलांच्या आयांचं फार वाटतं. पोराला पहिल्या दिवशी शाळेत सोडून परत येताना त्यांच्या पोटात काय झालं असेल. नातेवाईक काय काय बोलले असतील, तुला अक्कल आहे का, पोराचा जीव धोक्यात घालतेस. आणि तिथे पालकांना एकमेकांवाचून खरोखरच अडत होतं, इमारत नाही, पैसे नाहीत, शिक्षक शोधायचे, सगळं दोन्ही बाजूंनी मिळूनच करायला लागत होतं. सरकारी पैसा काही वर्षांनी आला. आज त्या शाळेत हजाराहून जास्त मुलं आहेत. पण अख्ख्या उत्तर आयर्लंडमधे अशा मिश्र शाळांत जाणारी मुलं अजून दहा टक्क्यांच्या आतच आहेत, शांतता करार होऊन पाव शतक उलटलं तरी, आणि नवीन मिश्र शाळा हवी असेल तर आजही बहुतेक वेळा कुठल्यातरी आईबापांनाच आधी उठून मागणी लावून धरायला लागते.